वांगी रंगाची फ्रेम: जुन्या रिव्हॉल्व्हरच्या ब्ल्यूइंगच्या नोंदी

४ जानेवारी

परवान्याचे आणि हस्तांतराचे सोपस्कार पूर्ण होऊन रिव्हॉल्व्हर आज हातात आलं. सहा बारी, पोलादी फ्रेम, बाजूला झुकणारा सिलिंडर, लाकडी मूठ. आधी सिलिंडर उघडून सहाही घरं नजरेने तपासली, मग बोटाने चाचपली. पुढच्या सगळ्या नोंदींत हे पुन्हा लिहिणार नाही, पण प्रत्येक वेळी काम सुरू करण्याआधी ते केलेलं आहे.

संध्याकाळी ट्यूबलाइटखाली सगळं एकसारखं काळं दिसलं. कडांवर होल्स्टरने घासून पांढरं पडलंय, ते वयाला शोभणारं आहे. यांत्रिक बाजू घट्ट आहे. समाधानाने झोपायला जातोय.

५ जानेवारी

सकाळी खिडकीतल्या उन्हात धरलं आणि दचकलो. फ्रेम काळी नाहीच. ती वांगी रंगाची आहे, सरळसरळ जांभळट, तांबूस झाक असलेली. नळी मात्र निळसर काळी. सिलिंडर काळा, पण पुढच्या कडेला तपकिरी. डाव्या बाजूच्या साइड प्लेटवर (आतली यंत्रणा झाकणारं फ्रेमचं झाकण) एक तपकिरी डाग आहे, त्यात बोटाच्या ठशाच्या रेषा ओळखू येतात. नळीच्या मधोमध करडा, मेलेला ठिपका. टॉप स्ट्रॅपवर, म्हणजे सिलिंडरच्या वरून जाणाऱ्या फ्रेमच्या पट्टीवर, पाण्यावर तेल पसरल्यासारखे रंग.

आणि ज्याने खरी काळजी लावली ते फ्रेमच्या पुढच्या कडेला, नळी जिथे फ्रेममध्ये शिरते तिथे. होल्स्टरने ब्ल्यूइंग, म्हणजे पोलादावर चढवलेला काळा थर, घासून गेल्यामुळे तिथे पोलाद उघडं पडलंय, आणि त्या उघड्या पोलादावर गवती पिवळा, जांभळा, निळा असे पट्टे आहेत.

छिन्नीला पाणी देताना हेच रंग धारेकडे सरकताना मी पाहिलेत. स्वच्छ पोलाद तापवलं की साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला गवती पिवळा येतो, २६० च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा, आणि त्यापुढे रंग फिका, राखाडी होत जातो. म्हणजे कुणी तरी नळी सोडवायला फ्रेमवर टॉर्च मारली होती का? हत्यार आगीतून निघालंय का? तसं असेल तर प्रश्न दिसण्याचा उरत नाही. पाणी उतरलेल्या, म्हणजे तापून कठीणपणा गेलेल्या फ्रेममधून गोळी झाडायची नाही, एवढं नक्की.

आज काहीही पुसलं नाही. नेमकं काय दिसतंय हे कळेपर्यंत पॉलिश, चिंधी, कुठलंही द्रावण लावणार नाही. रंग हाच इथे पुरावा आहे आणि तो एकदा पुसला की परत मिळत नाही.

७ जानेवारी

फोटो काढण्यात दुपार गेली. वांगी छटा ऊन किंवा पिवळ्या दिव्याखाली उठून दिसते आणि थंड पांढऱ्या प्रकाशात जवळजवळ लपते. सेकंड-हँड हत्यार विकत घेताना ते उन्हात नेऊन पाहायचं, हे मी इतरांना सांगत आलोय आणि या वेळी संध्याकाळी पाहून आलो, याची खंत आहे.

ठरवलेली पद्धत: खिडकीपाशी तीच जागा, तीच वेळ, शेजारी करडं कार्ड, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून बंद. नाही तर चार महिन्यांनी रंग बदलला की कॅमेऱ्याने बदलून दाखवला, हे सांगता येणार नाही. एकूण तेवीस फोटो. पट्ट्यांचे सहा, दहापट भिंगातून.

१० जानेवारी

पहिलं कोडं पहिल्याच पुसण्यात सुटलं. मूठ उतरवून बाजूला ठेवली, नायट्राइलचे हातमोजे घातले आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या कापसाने टॉप स्ट्रॅप पुसला. इंद्रधनुष्य गेलं. ते तेल होतं. तेलाचा पापुद्रा पुरेसा पातळ झाला की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग मारले जातात, काही उठतात. चमत्कारिक रंग दिसले की आधी तेल काढून पाहायचं, एवढाच त्याचा धडा.

बाकी चारही गोष्टी जागच्या जागी: वांगी फ्रेम, ठशाचा डाग, नळीवरचा करडा ठिपका, आणि ते पट्टे.

११ जानेवारी

कापूस वाळेपर्यंत विचार केला तो इथे मांडून ठेवतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

ब्ल्यूइंग हा रंग नाही, तो गंजाचाच चांगल्या वळणाचा भाऊ आहे. तांबडा गंज म्हणजे लोहाचा पाणी धरलेला ऑक्साइड, भुसभुशीत, पोलादाला सोडणारा. ब्ल्यूइंग म्हणजे मॅग्नेटाइट, काळा ऑक्साइड, पोलादाला घट्ट चिकटलेला. कारखान्यातल्या गरम पद्धतीत कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट-नायट्राइट क्षारांच्या तीव्र द्रावणात भाग उकळतात. द्रावण साधारण १४० अंशांना उकळत असतं. तयार होणारा थर एखाद्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीपुढे नगण्य. जुन्या पद्धतीत मुद्दाम बारीक गंज चढवायचा, भाग साध्या पाण्यात उकळायचा, म्हणजे तांबडा गंज काळ्यात बदलतो, मग तो बारीक तारेने घासून पुन्हा तेच, अनेक वेळा. दुनळी बंदुका अजूनही याच पद्धतीने करतात, कारण त्यांच्या नळ्या मऊ डाकाने जोडलेल्या असतात आणि गरम कॉस्टिक तो डाक खातं.

पट्ट्यांचे रंग वेगळ्या जातीचे. तिथे थर इतका पातळ असतो की काळा दिसायला पुरत नाही. तेलासारखाच प्रकाशाचा खेळ होतो आणि जाडीप्रमाणे पिवळा, जांभळा, निळा दिसतो. घड्याळाचे निळे स्क्रू याच रीतीने करतात. जर्मन पी०८ पिस्तुलांचे ट्रिगरसारखे लहान भाग १९३७ पर्यंत मुद्दाम गवती पिवळे ठेवलेले असत. त्या भागांवर तो रंग शोभतो. माझ्या फ्रेमच्या पुढच्या कडेला त्याला काही काम नाही.

यातून एक सरळ तर्क निघतो. हे रंग उघड्या पोलादावरच दिसतात. काळ्या ब्ल्यूइंगवर आणखी थोडा ऑक्साइड चढला तरी डोळ्याला कळत नाही. म्हणजे उष्णता लागली असेल तर ती होल्स्टरने कड घासून गेल्यानंतर लागली. आणि उष्णता कडेपुरती थांबत नाही. फ्रेमच्या आत जिथे जिथे पोलाद उघडं आहे, हॅमरच्या (घोड्याच्या) बाजू, क्रेनची (सिलिंडर ज्यावर बाहेर झुकतो त्या भागाची) दांडी, साइड प्लेटची आतली बाजू, तिथेही पिवळेपणा आला असला पाहिजे. आतलं उघडं पोलाद हाच थर्मामीटर.

१५ जानेवारी

आज उघडलं. स्क्रूच्या खाचेत नेमके बसणारे, समांतर धारेचे बिट वापरले. पाचरीसारखा साधा स्क्रूड्रायव्हर खाच फाडतो. साइड प्लेट कधीही फटीत काही घालून उचकटायची नाही. स्क्रू काढून मुठीच्या सांगाड्यावर लाकडी दांड्याने हलके टोले दिले, अकरा-बारा टोल्यांत प्लेट स्वतःहून वर आली.

आत पाहून जीव खाली पडला. हॅमरच्या बाजू पांढऱ्याशुभ्र. क्रेनची दांडी चकचकीत. ती नळीच्या बरोबर खाली असते, पट्ट्यांपासून दोन बोटांवर. कुठेही पिवळ्याचा मागमूस नाही. मुख्य स्प्रिंग पूर्ण जोमात. मुठीच्या लाकडाच्या आतल्या बाजूला होरपळ नाही, तेल आटून काळं झालेलं नाही. फ्रेमचं पुढचं टोक २८० अंशांना गेलं असतं तर बोटभर अंतरावरचं उघडं पोलाद इतकं निर्मळ राहिलं नसतं.

मग ते पट्टे काय? भिंगाखाली पुन्हा पाहिलं, या वेळी काय शोधायचं ते माहीत असल्याने. उष्णतेचे रंग क्रमाने येतात: उगमापाशी निळा, मग जांभळा, तपकिरी, पिवळा, आणि कडा एकमेकींत विरघळतात. इथे क्रम नाही. निळ्याशेजारी थेट पिवळा, पुन्हा जांभळा, आणि सगळे एका दिशेला ओढलेले, कापसाच्या बोळ्याने फराटा मारावा तसे. नळीभोवती पूर्ण कडंही नाही. उजव्या बाजूला आहेत, डाव्या बाजूला नाहीत. पांढऱ्या मऊ खोडरबराने एका टोकाला दहा वेळा हलकं घासलं तर रंग खोडरबरावर उतरला आणि खाली किंचित तांबूस झाक राहिली. उष्णतेने आलेला ऑक्साइड इतक्या सहज सुटत नाही, आणि त्याच्याखाली तांबं तर नसतंच.

हे कोल्ड ब्ल्यू आहे. बाटलीत मिळणारं, सेलेनियमचं आम्ल आणि तांब्याचे क्षार असलेलं द्रावण. त्याचा थर मॅग्नेटाइटचा नसून तांबे आणि सेलेनियमच्या संयुगाचा असतो. नीट जाड बसला तर काळपट, पातळ फिरवला तर मोरपंखी. नळीवरचा करडा ठिपकाही तोच: भिंगाखाली त्याच्या कडेला तसाच गुलाबी तांबूसपणा आहे, आणि तळहाताच्या उबेने नळी थोडी तापली की त्या जागेला तो ओळखीचा उग्र वास येतो.

वांगी फ्रेमचं मात्र यातून काहीच उलगडत नाही. मुठीखाली, जिथे कुणी बोळा फिरवायला जाणार नाही, तिथेही ती तितकीच वांगी आहे.

१६ जानेवारी

काल घाईत सुटलेली गोष्ट: साइड प्लेट जिथे बसते त्या खाचेत कोपऱ्याकोपऱ्याला पांढरी, पिठासारखी पूड आहे. सुकलेलं तेल समजून सोडून दिलं होतं. आज टोकदार काडीने थोडी काढली, डिस्टिल्ड पाण्याच्या थेंबात विरघळवली आणि लाल लिटमस बुडवला.

निळा झाला.

खूप वेळ त्या कागदाकडे पाहत बसलो. ही पूड गरम ब्ल्यूइंगच्या टाकीतली आहे. भाग टाकीतून काढल्यावर वारंवार स्वच्छ पाण्यात उकळून फटींतले क्षार धुवावे लागतात. ते धड केलं नाही तर क्षार आत राहतात, हवेतला ओलावा ओढतात आणि वर्षानुवर्षं झिरपत राहतात. कॉस्टिक सोड्याचं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेट होतं, पण तेही अल्कलीच, म्हणून लिटमस इतक्या काळानंतरही बोलला.

म्हणजे हे रिव्हॉल्व्हर मधल्या काळात कुणी तरी पुन्हा ब्ल्यूइंग करून घेतलंय, आणि धुण्यात हयगय झालीय. कारखान्यात ही हयगय झाली असेल का, असा प्रश्न मनात आला, म्हणून अक्षरं पाहिली. नळीवरचे आणि फ्रेमवरचे ठसे कडेला वितळल्यासारखे गोल झालेत. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट. कापडी चाकावर जोर देऊन पॉलिश केल्याची ही ठरलेली खूण आहे; कारखान्यातून निघालेल्या हत्याराची भोकं अशी नसतात.

१८ जानेवारी

आता वांगी रंग. टाकी एकच, नळी काळी आणि फ्रेम वांगी, तर फरक पोलादाचा आहे. मिश्रधातूत सिलिकॉन किंवा निकेल जास्त असेल तर गरम ब्ल्यूइंग तांबूस, जांभळट येतं. टाकीचं तापमान जास्त झालं किंवा द्रावणात लोह साचून ते जुनं झालं तरी तांबूसपणा येतो, पण तो मग सगळ्याच भागांवर कमी-जास्त दिसायला हवा. इथे नळी आणि साइड प्लेट स्वच्छ काळ्या आहेत.

फ्रेम आतून पुन्हा पाहिली. ज्या जागांना यंत्र लागलेलं नाही तिथे कोपरे गोल, पृष्ठभाग किंचित दाणेदार, कटरच्या रेषा नाहीत. मेणाच्या साच्यावरून ओतलेली फ्रेम आहे. ओतकामाच्या पोलादात सिलिकॉन बरेचदा जास्त ठेवतात, कारण त्याने धातू साच्यात नीट वाहतो. नळी आणि साइड प्लेट वेगळ्या पोलादाच्या.

रुगरच्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर हे फार पाहायला मिळतं. काही फ्रेम आणि लोडिंग गेट (गोळ्या भरण्याची बाजूची झडप) कारखान्यातून काळे निघाले आणि काही वर्षांनी जांभळे झाले. तसे नग आज संग्राहक मुद्दाम शोधतात. जुन्या विंचेस्टर ९४ रायफलींपैकी १९६४ नंतरच्या रिसीव्हरांवर (यंत्रणा धरणारा मधला भाग) साधं गरम ब्ल्यूइंग चढवायला गेलं की काळ्याऐवजी भलतीच तांबूस छटा येते, हेही कारागिरांच्या चांगलं परिचयाचं. दोन्हीकडे मूळ तेच: वरचा थर खालच्या पोलादाचं ऐकतो.

२० जानेवारी

आधीच्या मालकांना फोन केला. वयस्कर नेमबाज, आवाज अजून खणखणीत. त्यांना कोल्ड ब्ल्यूचं बरोबर आठवत होतं: “कडा पांढऱ्या पडल्या होत्या, बघवेना, म्हणून बाटली आणून दोनदा फिरवली. नळीवर गंजाचा एक ठिपका होता, तिथेही लावलं.” पुन्हा ब्ल्यूइंग केल्याचं मात्र त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्याकडे आलं तेव्हाच फ्रेम अशी होती. “मला वाटायचं, हा त्याचा मूळचाच रंग,” ते म्हणाले. “मला आवडायचा तो.”

ते बरीच वर्षं चामड्याच्या होल्स्टरमध्येच ठेवत होते. ठशाच्या डागाचं उत्तर तिथे आहे. घामातलं मीठ बोटाच्या ठशात राहिलं, चामडं ओलावा धरतं आणि कमावण्याच्या रसायनांचे अंशही त्यात असतात. होल्स्टर नेण्याआणण्यासाठी, ठेवण्यासाठी नाही. हे मी त्यांना फोनवर सांगितलं नाही. आता सांगून काही उपयोग नव्हता, आणि त्यांनी ज्या मायेने ते वापरलं ती त्यांच्या बोलण्यात स्पष्ट ऐकू येत होती.

२४ जानेवारी

माझा तर्क कितीही जुळत असला तरी गोळी झाडण्याआधी दुसऱ्या जाणत्या माणसाचे डोळे हवेत. बंदूक दुरुस्तीचं काम आयुष्यभर केलेल्या कारागिरांकडे नेलं. त्यांनी टायमिंग, म्हणजे सिलिंडरचं प्रत्येक घर नळीसमोर बरोबर येऊन थांबतं का, ते तपासलं, सिलिंडर आणि नळीतली फट मोजली, फ्रेम ताणली गेलीय का ते पाहिलं, आणि मुठीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी व पुढे क्रेनच्या आड अशा दोन ठिकाणी कठीणपणा तपासून घेतला. दोन्हीकडे सारखा.

“पाणी उतरलेलं नाही, निर्धास्त राहा,” ते म्हणाले. पट्टे दाखवले तेव्हा भिंग न लावताच म्हणाले, “हा बाटलीचा रंग आहे.” मी आठवडाभर ज्यासाठी झटलो ते त्यांना एका नजरेत दिसलं. मग साइड प्लेटची खाच दाखवली, तिथे मात्र ते थांबले. क्षार धुवून काढा, बाकी रंगाचं नंतर बघू, एवढंच त्यांनी बजावलं.

२ फेब्रुवारी

धुण्याचा दिवस. फ्रेम पूर्ण सुटी केली, स्प्रिंगा आणि लहान भाग वेगळे, मूठ दूर. स्टीलच्या खोल भांड्यात डिस्टिल्ड पाणी. नळाच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर पांढरे डाग सोडतात, आणि क्षार काढायला बसलोय तेव्हा नवे घालायचे नाहीत. फ्रेम तळाला टेकू नये म्हणून तारेने टांगली. उकळत्या पाण्याचं तापमान १०० अंश. एवढ्याने ना पोलादाला काही होतं ना ब्ल्यूइंगला.

पहिलं पाणी वीस मिनिटं: लिटमस लगेच निळा. दुसरं: निळा, थोडा सावकाश. तिसरं: कडेला जांभळट. चौथ्या पाण्यात लाल कागद लाल राहिला. खात्रीसाठी पाचवं उकळलं, लालच. बाहेर काढल्यावर फ्रेम स्वतःच्या उष्णतेनेच वाळते, फक्त भोकांतलं पाणी फुंकून काढावं लागतं. गरम असतानाच पाणी हटवणारं तेल लावलं.

साइड प्लेट वेगळी उकळली, कारण तिच्याकडून मला आणखी एक काम हवं होतं. ठशाचा डाग उकळण्याआधी तपकिरी होता. पंधरा मिनिटांनी तो काळा झाला. जुन्या गंज-ब्ल्यूइंगचीच ही क्रिया: तांबडा ऑक्साइड उकळत्या पाण्यात काळ्यात बदलतो.

३ फेब्रुवारी

अ‍ॅसिटोनने तेल काढलेल्या, सगळ्यात बारीक म्हणजे चार शून्यांच्या स्टील वुलने प्लेट हलकी घासली. नवी वूल तेलकट येते. तशीच वापरली तर काळी भुकटी उचलत नाही, नुसती सरकवते. डागाची भुकटी निघून गेली. खाली पोलादात बारीक खळगे आहेत, ठशाच्या रेषा तिरप्या उजेडात अजून दिसतात, पण आता त्या काळ्या आहेत आणि जिवंत नाहीत. बाजूचं ब्ल्यूइंग जसंच्या तसं.

या एका डागाने मला सगळ्यात जास्त आनंद दिला, हे लिहून ठेवावंसं वाटतं.

८ फेब्रुवारी

आज माझ्या हातून नुकसान झालं. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर जळालेल्या दारूची आणि शिशाची कडी आहेत. शिसं उतरवणारं रासायनिक कापड घेऊन ती पुसायला लागलो, आणि कापड सिलिंडरच्या बाहेरच्या कडेवरून गेलं. पाच-सहा फेऱ्यांत कडेचं ब्ल्यूइंग उतरून अर्ध्या सेंटिमीटरची पांढरी चंद्रकोर पडली. ही कापडं स्टेनलेस हत्यारांसाठी असतात. ब्ल्यूइंग हा ऑक्साइडच असल्याने ती शिशाबरोबर त्यालाही घेऊन जातात. मला हे माहीत होतं. तोंडाच्या मधल्या भागापुरतं वापरीन असं म्हणून हातात घेतलं आणि चुकलो.

गंज काढणारी द्रावणं, व्हिनेगर, फॉस्फरिक आम्ल असलेले जेल, यांचंही तेच. गंज आणि ब्ल्यूइंग यांतला फरक त्यांना कळत नाही. कडी तशीच ठेवली. झाडल्यावर ती पुन्हा येणारच, आणि त्यांच्यामुळे काही अडत नाही.

चंद्रकोरीवर कोल्ड ब्ल्यू लावायचा मोह झाला. लावलं नाही. तिथे तेल.

१५ फेब्रुवारी

पुन्हा ब्ल्यूइंग करावं का? दोन आठवडे हाच प्रश्न. कारागीर करायला तयार आहेत, त्यांच्या टाकीवर माझा विश्वास आहे, आणि धुण्यात ते कसूर करणार नाहीत.

तरी नाही. पहिलं कारण पोलादाचं: तीच फ्रेम, तेच सिलिकॉन. टाकीचं तापमान बदलून अशा मिश्रधातूला काळं करायचा प्रयत्न करता येतो, पण तो आज काळा झाला तरी काही वर्षांनी पुन्हा वांग्याकडे वळणार नाही, याची हमी कुणी देत नाही. दुसरं कारण ठशांचं. नवं ब्ल्यूइंग म्हणजे आधी पॉलिश, आणि अक्षरं एकदा झिजलेली आहेत. अनुक्रमांकाचे आकडे अजून स्पष्ट वाचता येतात. आणखी एक पॉलिश त्यांना पुसट करील, आणि हत्याराच्या क्रमांकाशी कुठलीही तडजोड नको, ना कायद्याने ना मनाने. तिसरं कारण मला नीट मांडता येत नाही. आधीचे मालक म्हणाले, “मला आवडायचा तो.” गेले काही दिवस सकाळी खिडकीत धरून पाहताना मलाही तो आवडायला लागलाय.

कोल्ड ब्ल्यूचे पट्टेही राहू देणार. घासून काढले तर उघडी कड उरेल, तिला पुन्हा काही लावावं लागेल. नोंद आहे, फोटो आहेत. पुढे ज्याच्या हाती हे जाईल त्याला माझ्यासारखा धसका बसू नये म्हणून या वहीची प्रत हत्यारासोबत ठेवणार.

१ मार्च

जोडणी पूर्ण. आतल्या भागांना तेल अगदी कमी. बाहेरून मायक्रोक्रिस्टलाइन मेण, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात वस्तूंच्या जतनासाठी बनवलेल्या मेणाच्या जातीचं. तेल वाहून जातं, हाताला लागतं, धूळ धरतं. मेण बसून राहतं आणि बोटाचे ठसे त्याच्यावरच थांबतात. पातळ थर, दहा मिनिटं थांबून सुती कापडाने पुसला. मेणाखाली वांगी रंग थोडा गडद, खोल दिसतो.

ठेवण्याची जागा: कुलूपबंद कपाट, उघड्या लाकडी कट्ट्यावर आडवं, फोमच्या पेटीत नाही. फोम चामड्यासारखाच ओलावा धरून बसतो. शेजारी सिलिका जेल आणि आर्द्रतामापक. आकडा पन्नाशीच्या आसपास ठेवायचा आहे, कारण साठीच्या पुढे गंजाचा वेग झपाट्याने वाढतो.

१९ मार्च

मैदानावर पन्नास गोळ्या झाडल्या. कारागिरांनी आधीच सांगितलं होतं, हत्यार नीट चालतं. परत आल्यावर सिलिंडर आणि नळी साफ केली, बाहेरून पुसून पुन्हा मेण. कड्यांना हात लावला नाही.

१० मे

दोन महिन्यांनी पहिली तपासणी. तीच खिडकी, तीच वेळ, करडं कार्ड. जानेवारीचे फोटो शेजारी उघडे ठेवले. वांगी रंगात फरक नाही. पट्टे किंचित फिके, बहुधा कापडाने पुसण्याने. चंद्रकोरीवर गंज नाही.

साइड प्लेट उघडली नाही, पण फटीवर भिंग धरलं. पांढरं काही दिसलं नाही. ओल्या लिटमसची बारीक पट्टी फटीवर दाबून दोन मिनिटं ठेवली.

कागद लालच राहिला. पुसून, मेण लावून कपाटात ठेवलं. पुढची तपासणी ऑगस्टमध्ये.